नामांकित की मानवणारे? एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या प्रवेशाआधी

बी.एस्सी.चे सहावे सत्र संपत आले की रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या घरी दरवर्षी एकच चर्चा सुरू होते. शहरातील एखाद्या जुन्या, नामांकित संस्थेत एम.एस्सी.ला प्रवेश मिळेल इतके गुण पदरात आहेत. दुसरीकडे ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात किंवा पश्चिम उपनगरांत एखादे असे महाविद्यालय आहे, जिथे हवे ते स्पेशलायझेशन मिळते, विभाग लहान आहे आणि तिथे शिकणारी मुले समाधानी दिसतात, पण त्याचे नाव सांगितले की समोरचा ‘हे नेमके कुठे आले?’ असे विचारतो. मी पदवी पहिल्या प्रकारच्या संस्थेतून घेतली आणि पदव्युत्तर शिक्षण दुसऱ्या प्रकारच्या महाविद्यालयात. एम.एस्सी.च्या वेळी दोन्हीकडे जागा मिळत होती आणि मी दुसरी घेतली, त्यामुळे पुढील तुलना काटेकोरपणे तटस्थ आहे असा दावा करत नाही. दोन्ही संस्थांची नावे मुद्दाम देत नाही; विभागप्रमुख बदलले की विभागाची तऱ्हा बदलते, आणि माझ्या काळातील अनुभवाचा शिक्का आजच्या विभागावर मारणे योग्य नव्हे.

शुल्क, कट-ऑफ, नॅकची श्रेणी या गोष्टी प्रत्येकाने पाहिलेल्या असतात, म्हणून त्या सोडून देतो. फक्त एक गोष्ट घरच्या मंडळींना समजावून सांगावी लागते, ती नोंदवतो. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेले महाविद्यालय स्वायत्त असो वा नसो, पदवी देणारे विद्यापीठ तेच असते. स्वायत्त महाविद्यालय अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवते, त्याचे नाव प्रमाणपत्रावर येते, पण पदवी मुंबई विद्यापीठाचीच. माटुंग्याच्या आयसीटीसारखे (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) अभिमत विद्यापीठ किंवा २०१९ मध्ये स्थापन झालेले डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ, ज्यात आता इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचा समावेश आहे, यांची गोष्ट वेगळी. तिथे पदवीवरचे विद्यापीठच बदलते आणि मायग्रेशन सर्टिफिकेटपासून सगळी कागदपत्रे नव्याने जमवावी लागतात.

नामांकित संस्थेच्या बाजूचे म्हणणे आधी मांडतो, कारण ते खरोखर वजनदार आहे. मोठ्या नावाचा खरा लाभ वर्गातील व्याख्यानांत नसून आजूबाजूच्या मुलांत असतो. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘नियस’ नावाचा उपक्रम चालतो आणि त्यात रसायनशास्त्राची शिबिरे होतात, हे मला कोणत्याही सूचनाफलकावरून कळले नाही. जिन्यात उभ्या असलेल्या एका सीनियरच्या बोलण्यातून कळले. विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीसाठी अर्ज कधी करायचा, नेट या पात्रता परीक्षेचा अभ्यास पहिल्या वर्षापासून का सुरू करावा, कोणत्या प्रयोगशाळेतील मार्गदर्शक मेलला उत्तर देतात, हे सर्व तिथे कँटीनमधल्या गप्पांत मिळत असे. ही माहिती गुप्त नाही, पण ती आपल्याला हवी आहे हेच ज्याला ठाऊक नसते, तो ती शोधणार तरी कशी? माझ्या पदवीच्या वर्गातील जे आज संशोधनात आहेत, त्यांतील बहुतेकांनी ही वाट अशीच ऐकून पकडली. ग्रंथालयही तिथे चांगले होते. पाहुण्या वक्त्यांची नावे ऐकून घरच्यांना बरे वाटत असे, आणि खरे सांगायचे तर मलाही वाटत असे.

शिवाय नाव ही नुसती हवा नाही. नावाला गुणही मिळतात. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीची पहिली यादी २०१६ मध्ये आली. या क्रमवारीचे जे पाच निकष आहेत, त्यांतील एक थेट ‘पर्सेप्शन’, म्हणजे संस्थेविषयी लोकांचे मत हा आहे, आणि सर्वसाधारण यादीत त्याला १० टक्के वजन आहे. उरलेले निकष अध्यापनाची साधनसामग्री, संशोधन, उत्तीर्णांची वाटचाल आणि सर्वसमावेशकता यांच्याशी निगडित आहेत. हे निकष चुकीचे आहेत असे मी म्हणणार नाही. परंतु संस्थेच्या साधनसामग्रीचा अंदाज अशा याद्यांमधून येऊ शकतो, एम.एस्सी.च्या मुलाने तिथल्या उपकरणाला कधी हात लावला का, हे कळत नाही. माझा निर्णय नेमका याच ठिकाणी झाला.

पदवीच्या तिसऱ्या वर्षी आमच्या नामांकित संस्थेत एचपीएलसीचे, म्हणजे मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणाचे, प्रात्यक्षिक होते. उपकरण वातानुकूलित खोलीत, ॲल्युमिनियमच्या पार्टिशनमागे होते. चपला बाहेर काढून आम्ही आत गेलो आणि अर्धवर्तुळ करून उभे राहिलो. एका संशोधक विद्यार्थ्याने नमुना इंजेक्ट केला, पडद्यावर शिखरे उमटू लागली, मागच्या रांगेतल्यांना ती दिसली नाहीत, आणि काही वेळाने आम्ही बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी त्या एकाच क्रोमॅटोग्रामच्या, म्हणजे शिखरांच्या आलेखाच्या, झेरॉक्स प्रती वाटल्या गेल्या आणि प्रत्येकाने आपापल्या जर्नलमध्ये त्या चिकटवल्या. जर्नल सर्टिफाय झाले, गुणही चांगले मिळाले. एकदाच असे झाले असते तर त्याचे काही वाटले नसते. प्रकाशाचे शोषण मोजणाऱ्या यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवरही एका गटात इतकी मुले असत की एकाने क्युव्हेट (नमुन्याची छोटी पारदर्शक कुपी) ठेवायचा, एकाने आकडे वाचायचे आणि बाकीच्यांनी ते उतरवून घ्यायचे. क्युव्हेट ठेवणारा बहुधा तोच तो असे, कारण त्याचा हात बसलेला होता आणि वेळ कमी होता.

एम.एस्सी.ला चित्र बदलते का, याची मी तिथल्याच वरच्या वर्गांतील मुलांकडे चौकशी केली. उत्तर प्रांजळ होते: बॅच लहान होते, पण एचपीएलसी मुख्यतः पीएच.डी.च्या मुलांसाठी; तुम्हाला प्रकल्पात संधी मिळेल, मार्गदर्शकाने मनावर घेतले तर. संस्थेची बाजूही मला समजते. असे उपकरण पुष्कळदा संशोधनाच्या अनुदानातून आलेले असते, त्याचा हिशेब द्यावा लागतो, एकेका कॉलमची, म्हणजे ज्यात घटक वेगळे होतात त्या नळीची, किंमत काही हजारांत असते, आणि शिकाऊ हातांनी तो चोक झाला तर कोणाचा तरी प्रबंध महिनाभर रखडतो. जिथे मोठे संशोधन चालते तिथे शिकाऊ मुलाला मागे उभे राहावे लागणे ही कोणाची खोड नसते, ती व्यवस्थाच तशी असते. पण ॲनालिटिकल (विश्लेषणात्मक) केमिस्ट्री घेऊन गुणवत्ता नियंत्रणाच्या प्रयोगशाळेत नोकरी करायची असे मनाशी ठरवलेल्या माझ्यासारख्याला, आणखी दोन वर्षे पार्टिशनच्या बाहेर उभे राहायचे या कल्पनेचाच कंटाळा आला. मोजून मापून निर्णय घेतला असे म्हणवत नाही; त्या झेरॉक्स प्रतीचा राग आला होता, हे जास्त खरे.

स्पेशलायझेशनचा मुद्दाही होता. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी फिजिकल, इनऑरगॅनिक, ऑरगॅनिक आणि ॲनालिटिकल या चारही शाखा सर्वांना सारख्या शिकाव्या लागत, आणि दुसऱ्या वर्षी एक शाखा घ्यायची. नामांकित संस्थेत ॲनालिटिकलसाठी स्पर्धा होती. उपनगरातील महाविद्यालयात मोजक्याच शाखा होत्या आणि त्यांत ॲनालिटिकल होती. इतरांना त्रुटी वाटावी अशी ही गोष्ट माझ्या पथ्यावर पडली.

त्या महाविद्यालयाचा विभाग म्हणजे एका मजल्यावरच्या तीन खोल्या. एचपीएलसी एकच, जुने, सॉफ्टवेअरची आवृत्ती अशी की ते चालवणारा संगणक बदलायची कोणाची हिंमत होत नसे. पण त्याची लॉगबुक उपकरणाशेजारीच दोरीने बांधलेली असे आणि तिच्या पानांवर विद्यार्थ्यांचीच अक्षरे होती. मोबाईल फेज, म्हणजे कॉलममधून वाहणारे द्रावण, आम्हीच बनवायचो, ०.४५ मायक्रॉनच्या पडद्यातून गाळायचो, सोनिकेटरमध्ये ठेवून त्यातील हवा काढायचो. प्रयोगशाळेतील मामा साडेपाचला दिवे घालवायला येत आणि कोणाचा रन चालू दिसला की ‘तुमचं होऊ द्या, मी खालून चहा घेऊन येतो’ असे म्हणून परत जात. दोन वर्षांत मला मिळालेल्या सवलतींत ही सर्वांत मोलाची होती, आणि ती कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नव्हती.

एकदा आमच्या बॅचमधील एका मुलाने फॉस्फेट बफरवरचा रन संपवला आणि कॉलम धुण्यासाठी थेट शंभर टक्के ॲसिटोनायट्राइल हे सेंद्रिय द्रावक सोडले. बफरमधील क्षार त्यात विरघळत नाहीत. ते आतच बसले. दाब चढत गेला, मर्यादा ओलांडल्यावर पंप आपोआप बंद पडला आणि खोलीत एकदम शांतता पसरली. आता उपकरणाला कुलूप लागणार असे आम्ही गृहीत धरले. सर आले, त्यांनी पडद्याकडे पाहिले आणि म्हणाले, ‘आता घरी जायची घाई कोणी करू नका. चोक तुम्ही केला आहे, मोकळाही तुम्हीच करा.’ मग कॉलमचे डिटेक्टरकडचे टोक सोडवून, मिनिटाला ०.२ मिलिलिटर इतक्या संथ गतीने पाणी सोडत आम्ही बसून राहिलो. दाब टप्प्याटप्प्याने उतरला. बफरनंतर आधी पाणी जास्त असलेले मिश्रण, नंतर सेंद्रिय द्रावक, हा क्रम पुस्तकात एका ओळीत असतो; आम्हाला तो त्या संध्याकाळी कळला आणि नंतर कोणाला विचारावा लागला नाही. नामांकित संस्थेत अशी वेळ आली नसती, कारण तिथे त्या मुलाला पंपापर्यंत पोहोचूच दिले नसते.

आता या बाजूच्या उणिवा, आणि त्या किरकोळ नाहीत. उपनगरांतील एम.एस्सी.च्या बऱ्याच तुकड्या विनाअनुदानित असतात आणि तिथे तासिका तत्त्वावरील प्राध्यापक मोठ्या संख्येने असतात. ते मनापासून शिकवतात, पण सत्राच्या मध्यावर दुसरीकडे बरी संधी मिळाली तर जातात, आणि त्यांनी जावेच, कारण तासिकांच्या मानधनावर या शहरात घर चालत नाही. आमचा फिजिकल केमिस्ट्रीचा एक पेपर अशा बदलांमुळे अखेरपर्यंत विस्कळीत राहिला आणि तो मी जवळजवळ स्वतःच वाचून दिला. ग्रंथालयात संदर्भग्रंथांची जुनी आवृत्ती होती. नेटचा अभ्यास करणारे फारच थोडे.

याहून मोठा धोका आहे तो वासरांत लंगडी गाय शहाणी होण्याचा. लहान विभागात थोडे बरे गुण मिळाले की सर ओळखू लागतात, कनिष्ठ वर्गातील मुले शंका विचारायला येतात, आणि आपण फार पुढे आलो आहोत असे वाटू लागते. बाहेर किती पाणी आहे याचा अंदाज मला अधूनमधून पदवीच्या जुन्या मित्रांना भेटून येत असे. ते काय वाचत आहेत हे ऐकले की पाय जमिनीवर येत. ज्याच्याकडे असे बाहेरचे माप नाही, त्याने लहान ठिकाणी जाताना याचा विचार जरूर करावा. उलट बाजूचा अनुभवही मी पाहिला आहे. पदवीला माझ्या बाकावर बसणारा एक हुशार मुलगा तिथल्या मुलांशी तुलना करता करता इतका खचला की तिसऱ्या वर्षी त्याने रसायनशास्त्रच सोडले. दोष संस्थेचा नव्हता, त्याचाही नव्हता. त्याला ती जागा मानवली नाही, इतकेच.

प्रवासाबद्दल फार लिहीत नाही. मुंबईत राहणाऱ्याला प्रात्यक्षिक सव्वापाचला संपणे आणि त्यानंतर दादरला डाऊन गाडीत शिरणे यांचा अर्थ सांगायला नको. घर-महाविद्यालय अंतर कमी झाल्याने माझी संध्याकाळ वाचली आणि ती प्रयोगशाळेत गेली, एवढे खरे. पण केवळ तेवढ्यासाठी नामांकित जागा सोडावी असे मी कोणाला सुचवणार नाही. लोकांनी त्याहून लांबून येऊन शिक्षण पूर्ण केले आहे.

नोकरीच्या वेळी नावाचे काय झाले, हे सर्वजण विचारतात. माझ्या अनुभवापुरते सांगतो. औषधनिर्मितीतील एका कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता नियंत्रण) विभागासाठी मुलाखत होती. एचआरच्या बाईंनी अर्जावरचे महाविद्यालयाचे नाव वाचले, थोडे थांबल्या आणि ते कुठे आहे ते विचारले. त्यानंतर लॅबप्रमुखांनी कागद बाजूला ठेवून विचारले की कॉलमचा दाब अचानक वाढला तर पहिल्यांदा काय पाहशील. पुढचा प्रश्न सिस्टिम सुटेबिलिटीवर, म्हणजे उपकरण मोजणीला योग्य आहे का हे तपासण्यावर, होता: टेलिंग फॅक्टर (शिखराच्या शेपटीचे माप) मर्यादेबाहेर गेला तर कारणे कोणती, एकाच नमुन्याच्या पाचही इंजेक्शनांतील शिखरांचे क्षेत्रफळ जुळत नसेल तर दोष इंजेक्टरचा की नमुन्याचा, ते कसे ओळखशील. ही उत्तरे मला येत होती कारण ती माझ्या हातून गेलेली होती. मात्र हेही सांगायला हवे की मुलाखतीला बोलावणे येण्यासाठी मला पुष्कळ अर्ज करावे लागले, आणि नामांकित संस्थेतील माझ्या मित्रांना कंपन्या महाविद्यालयात येऊन भेटत होत्या. नावाने दार लवकर उघडते. आत गेल्यावर ते फारसे बोलत नाही.

या विषयावर अमेरिकेत झालेला एक अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी तो २००२ मध्ये प्रसिद्ध केला. १९७६ मध्ये महाविद्यालयात दाखल झालेल्या विद्यार्थ्यांची पुढची कमाई त्यांनी तपासली आणि ज्यांनी सारख्याच दर्जाच्या संस्थांत अर्ज केले होते आणि ज्यांना सारख्याच दर्जाच्या संस्थांत प्रवेश मिळत होता अशांची आपसात तुलना केली. अधिक निवडक संस्थेत गेलेले आणि तिथे प्रवेश मिळत असूनही कमी निवडक संस्थेत गेलेले, यांच्या कमाईत फारसा फरक आढळला नाही. म्हणजे यशाचा बराचसा भाग विद्यार्थी बरोबर घेऊनच येतो. परंतु त्याच अभ्यासात एक अपवाद होता: कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांना निवडक संस्थेत गेल्याचा खरोखर फायदा झाला. अमेरिकेतील निष्कर्ष मुंबईला जसाच्या तसा लावू नये हे मान्य, तरी हा अपवाद मला आपल्याकडे अधिकच पटतो. ज्याच्या घरी पदवीपर्यंत पोहोचलेला हा पहिलाच मुलगा किंवा मुलगी आहे, ज्याला कँटीनमधल्या त्या गप्पा दुसरीकडे कुठेच ऐकायला मिळणार नाहीत, त्याने माझ्या अनुभवावर विसंबून मोठे नाव सोडू नये. माझे वडील रासायनिक कारखान्यात होते आणि घरात विषयाची भाषा होती, हा माझा आधार होता, आणि तो प्रत्येकाकडे नसतो.

पीएच.डी. करायची हे ज्याचे पक्के आहे, त्यानेही नामांकित संस्थेकडेच झुकावे असे मला वाटते. शिफारसपत्र लिहिणाऱ्या प्राध्यापकांचे शोधनिबंध समोरच्याने वाचलेले असतील तर त्या पत्राला वजन येते, आणि संशोधक विद्यार्थ्यांच्या शेजारी बसण्याचा फायदा तिथेच मिळतो. पण बाकीच्यांचे काय? ज्यांना दोन वर्षांनी तुर्भे, तळोजा किंवा तारापूरच्या एखाद्या प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून उभे राहायचे आहे, त्यांची संख्या कितीतरी जास्त आहे, आणि त्यांच्यापुरते विचाराल तर माझे मत लहान, हाताला काम देणाऱ्या विभागाकडे झुकते. नव्या शैक्षणिक धोरणानंतरच्या रचनेत दुसऱ्या सत्रात ऑन जॉब ट्रेनिंगचे ४ क्रेडिट आणि शेवटच्या दोन सत्रांत संशोधन प्रकल्प आला आहे, त्यामुळे औद्योगिक पट्ट्याजवळच्या महाविद्यालयाची बाजू, माझ्या समजुतीप्रमाणे, पूर्वीपेक्षा थोडी बळकट झाली आहे. अर्थात ट्रेनिंग कागदावर होते की कारखान्यात, हे तिथल्या मुलांनाच विचारावे.

विचारताना प्रश्नही नेमका असावा. ‘तुमच्याकडे एचपीएलसी आहे का?’ याचे उत्तर सगळीकडे ‘हो’ असेच येते. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला बाजूला घेऊन ‘तू स्वतः शेवटचे इंजेक्शन कधी दिलेस?’ असे विचारावे आणि तो किती वेळ आठवत राहतो ते पाहावे. जमल्यास लॉगबुक पाहायला मागावी. ती दाखवायला खळखळ झाली तर तेही उत्तरच. ही चौकशी कामकाजाच्या दिवशी, दुपारी तीननंतर, प्रात्यक्षिके चालू असताना करावी आणि गुणवत्ता यादी लागण्याआधी उरकून घ्यावी. यादी लागल्यावर शुल्क भरायला दोन-तीन दिवसांहून जास्त वेळ क्वचितच मिळतो, आणि त्या दिवसांत घरी येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाचे मत एकाच बाजूचे असते.